ग्रीसची बेटे सहकुटुंब पाहताना : वेळापत्रक वाऱ्याच्या हाती

परदेशी सहलीचा बेत ठरला की घरात प्रथम नकाशा पसरला जातो आणि त्यावरील नावांभोवती वर्तुळे पडू लागतात. ग्रीसच्या बाबतीत ही वर्तुळे फार झपाट्याने वाढतात. आजोबांना अ‍ॅक्रोपोलिस पाहायचे असते, मुलांना समुद्रात डुंबायचे असते, आईने सॅन्टोरिनीच्या पांढऱ्याशुभ्र घरांची छायाचित्रे जपून ठेवलेली असतात, तर वडिलांच्या यादीत डेल्फी आणि ऑलिम्पियाही असते. पाहता पाहता दहा दिवसांत सात ठिकाणे असा कार्यक्रम तयार होतो. कागदावर तो नीट बसतोही. एजियन समुद्रात मात्र तो बसेलच, याची शाश्वती कोणीही देऊ शकत नाही.

याचे कारण साधे आहे. रेल्वेने वा मोटारीने जोडलेल्या युरोपीय शहरांची सहल माणसाच्या घड्याळावर चालते. बेटांची सहल वाऱ्यावर आणि बोटींवर चालते. त्यात बरोबर वृद्ध माता-पिता आणि लहान मुले असली, तर ऊन, पायऱ्या आणि सामान यांचाही विचार करावा लागतो. अशी सहल बहुतेक कुटुंबांच्या आयुष्यात एकदाच घडते. वर्षानुवर्षांची शिल्लक तिच्यावर खर्च होते आणि सत्तरी ओलांडलेल्या आजीला 'पुढच्या वेळी पाहू' असे सांगणे शक्य नसते. म्हणूनच काय पाहायचे याच्या आधी काय गाळायचे आणि उरलेले कोणत्या क्रमाने पाहायचे, हे ठरवणे अगत्याचे ठरते.

मुक्काम बदलण्याची किंमत

समजा, पुण्यातील सहा जणांचे एक कुटुंब आहे. आजी-आजोबा, मधले दाम्पत्य आणि बारा व आठ वर्षांची दोन मुले. हाती बारा रात्री आहेत. अशा कुटुंबाने प्रथम दिवस मोजण्याऐवजी मुक्काम मोजावेत.

एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाण्यास जलद बोटीला दोन-तीन तास लागतात, असे वेळापत्रक सांगते. प्रत्यक्षात सामान बांधणे, हॉटेलची खोली सोडणे, बंदर गाठणे, बोटीची वाट पाहणे, प्रवास, नव्या बंदरावरून हॉटेलपर्यंतची गाडी आणि पुन्हा सामान उघडणे यांत सहा-सात तास सहज जातात. हॉटेले बहुधा सकाळी अकराच्या सुमारास खोली रिकामी करावयास सांगतात आणि नवी खोली दुपारी दोन-तीनच्या आधी मिळत नाही. मधले काही तास हे कुटुंब अक्षरशः बेघर असते. तरुण जोडपे हा वेळ एखाद्या कॅफेत आनंदाने काढील. गुडघे दुखणाऱ्या आजीला आणि पेंगुळलेल्या मुलाला तो जड जातो.

थोडक्यात, प्रत्येक नवा मुक्काम सहलीतला एक दिवस खातो. बारा रात्रींत सहा मुक्काम केले तर निम्मी सहल बंदरांवरच संपते. चार मुक्काम आणि प्रत्येक ठिकाणी तीन रात्री, हे अशा कुटुंबासाठी सुटसुटीत गणित आहे. क्रीट, सॅन्टोरिनी, डेलोससह मिकोनोस आणि अथेन्स ही ती चार ठिकाणे. डेल्फी, ऑलिम्पिया, ऱ्होड्स ही सारी स्थळे थोर आहेत यात शंका नाही. परंतु ती या सहलीत कोंबल्यास कोणतेच स्थळ धड पाहून होत नाही.

मे महिना आणि मेल्तेमी

उन्हाळ्यात एजियन समुद्रावर उत्तरेकडून कोरडा, जोरकस वारा वाहतो. त्याला तेथे मेल्तेमी म्हणतात. जूनअखेरीस तो जोर धरू लागतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये ऐन भरात असतो. आकाश निरभ्र असते, ऊन लख्ख पडलेले असते, तरीही समुद्र खवळलेला असतो. वारा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की बंदर अधिकारी बोटींना निघण्यास मनाई करतात. ही मर्यादा बोटीच्या प्रकारानुसार ठरते. लहान बोटी आणि जलद कॅटामरान आधी थांबतात, तर मोठी पारंपरिक जहाजे त्याहून अधिक वाऱ्यातही चालू राहू शकतात. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँचसेवा बंद राहते हे मुंबईकरांना ठाऊक असते. मेल्तेमीचा फरक इतकाच की, तो महिन्यांची आगाऊ सूचना देत नाही; बोट सुटणार नाही हे पुष्कळदा आदल्या संध्याकाळी वा त्याच सकाळी कळते.

बोट हवामानामुळे रद्द झाल्यास युरोपीय नियमांनुसार तिकिटाचे पैसे परत मिळतात किंवा पुढच्या बोटीत जागा मिळते. परंतु अडकलेल्या प्रवाशांच्या हॉटेलचा खर्च देण्याचे बंधन अशा वेळी कंपनीवर नसते. पुढचे विमान चुकले तर तेही प्रवाशाचेच नुकसान.

या दृष्टीने महाराष्ट्रातील शाळांची उन्हाळी सुटी ही मोठीच सोय आहे. मे महिना आणि जूनचा पहिला आठवडा हा ग्रीसच्या बेटांसाठी उत्तम काळ. बहुतेक सर्व बोटी सुरू झालेल्या असतात, पुरातन स्थळे उन्हाळी वेळापत्रकानुसार दीर्घकाळ उघडी असतात आणि मेल्तेमीने अद्याप ठाण मांडलेले नसते. समुद्राचे पाणी किंचित गार असते, एवढीच काय ती उणीव. दिवाळीच्या सुटीत जाऊ इच्छिणाऱ्यांनी मात्र तारखा नीट पाहाव्यात. ऑक्टोबरअखेर जलद बोटी कमी होऊ लागतात. क्रीट ते सॅन्टोरिनी ही थेट बोट मुख्यतः एप्रिल ते ऑक्टोबर या काळातच असते. दिवाळी नोव्हेंबरात आली तर हा सारा क्रमच कोलमडतो.

ऐन उन्हाळा टाळण्याचे आणखी गंभीर कारण म्हणजे उष्णता. जून २०२४ मध्ये आलेल्या उष्णतेच्या लाटेत ग्रीक बेटांवर पायी भटकंतीस निघालेले अनेक परदेशी पर्यटक मृत्युमुखी पडले. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही उन्हाळ्यांत अतिउष्णतेमुळे अथेन्सचे अ‍ॅक्रोपोलिस काही दिवस भर दुपारी बंद ठेवावे लागले होते. भारतीय माणसाला उन्हाची सवय असते, हा समज येथे उपयोगाचा नाही. संगमरवरी फरशीवरून परावर्तित होणारे ऊन आणि सावलीचा अभाव यांची सवय कोणालाच नसते.

दूरचे आधी, जवळचे शेवटी

बहुतेक सहली अथेन्सपासून सुरू होतात, कारण विमान तेथे उतरते. वास्तविक कुटुंबाच्या दृष्टीने याच्या उलट क्रम अधिक शहाणपणाचा आहे. अथेन्सला उतरल्यावर पुढच्या विमानाने थेट क्रीटची राजधानी हेराक्लिओन गाठावी. हे उड्डाण तासाभराचेही नाही. विमान नको असल्यास अथेन्सच्या पिरेयस बंदरातून रात्री निघणारे मोठे जहाज सकाळी हेराक्लिओनला पोहोचवते. त्यात झोपण्याच्या खोल्या मिळतात आणि एका रात्रीच्या हॉटेलचा खर्च वाचतो. तेथून सॅन्टोरिनी, मग मिकोनोस आणि शेवटी अथेन्स.

या क्रमाचे दोन लाभ आहेत. पहिला सुरक्षिततेचा. परतीच्या विमानाआधीचा अखेरचा सागरी टप्पा मिकोनोस ते अथेन्स हा येतो. हा मार्ग सर्वाधिक वर्दळीचा असून त्यावर जलद बोटींप्रमाणेच मोठी पारंपरिक जहाजेही धावतात. एक बोट हुकली तर दुसरी मिळण्याची शक्यता येथे अधिक. शिवाय यांतील अनेक बोटी राफिना बंदराला लागतात आणि हे बंदर अथेन्सच्या विमानतळापासून पिरेयसपेक्षा जवळ आहे. वाऱ्याने एक दिवस हिरावून घेतलाच, तर तो अथेन्सच्या तीन दिवसांतून जातो. परतीचे विमान चुकत नाही. बेटावरून निघून त्याच दिवशी मायदेशीचे विमान पकडण्याचा बेत मात्र कितीही सोयीचा वाटला तरी करू नये.

दुसरा लाभ इतिहासाचा. या मार्गाने गेल्यास काळही ओळीने उलगडत जातो. क्रीटवरील मिनोअन राजवाडे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे, सॅन्टोरिनीवरील अक्रोतिरीचा विध्वंस त्यानंतर काही शतकांनी झालेला, डेलोसचे वैभव इसवीसनापूर्वीच्या अखेरच्या शतकांपर्यंत चाललेले आणि अथेन्समध्ये इसवीसनापूर्व पाचव्या शतकातील पार्थेनॉनसोबतच या सर्वांच्या खुणा एकत्र मांडणारी संग्रहालये. विस्कळीत क्रमाने पाहिलेले भग्नावशेष मुलांच्या लेखी नुसते दगड ठरतात. ओळीने पाहिले तर त्यांची गोष्ट होते.

चार मुक्काम, चार गोष्टी

हेराक्लिओनपासून सुमारे पाच किलोमीटरवर नॉसॉसचा राजवाडा आहे. मिनोस कालोकेरिनोस या स्थानिक व्यापाऱ्याने १८७८ मध्ये येथे प्रथम उत्खनन केले आणि १९०० पासून आर्थर एव्हान्स यांनी ते व्यापक प्रमाणावर हाती घेतले. एव्हान्स यांनी काही भागांची काँक्रीट वापरून पुनर्रचना केली. तांबड्या रंगाचे खांब, रंगवलेल्या भिंती हे त्यांच्या कल्पनेतून उतरलेले रूप आहे. तज्ज्ञांमध्ये यावर आजही वाद असला, तरी मिनोटॉर या वृषभमुखी राक्षसाची आणि भूलभुलैयाची कथा वाचून आलेल्या मुलाला या पुनर्रचनेचा आधारच वाटतो. खरे आणि रचलेले यांतील फरक त्याला जागेवरच दाखवता येतो. जुलै २०२५ मध्ये नॉसॉससह क्रीटवरील सहा मिनोअन केंद्रांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. सकाळी आठच्या सुमारास राजवाडा आणि दुपारी शहरातील थंडगार पुरातत्त्व संग्रहालय, असा दिवस आखावा. बैलावरून उडी घेणाऱ्या तरुणांचे मूळ भित्तिचित्र आणि अद्याप न उलगडलेल्या लिपीची फाइस्टोसची चकती या संग्रहालयात आहेत.

सॅन्टोरिनीला लोक सूर्यास्तासाठी जातात. पण तिची खरी कथा बेटाच्या दक्षिण टोकाला जमिनीखाली आहे. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी झालेल्या प्रचंड ज्वालामुखी-उद्रेकात अक्रोतिरी हे गाव राखेखाली गाडले गेले. १९६७ मध्ये स्पिरिडॉन मारिनातोस यांनी त्याचे उत्खनन सुरू केले. दोन-तीन मजली घरे, सांडपाण्याची व्यवस्था, धान्याचे रांजण असे सारे तेथे सापडले. सापडला नाही तो माणसांचा सांगाडा. आधीच्या भूकंपांनी सावध होऊन रहिवासी वेळीच गाव सोडून गेले असावेत, असे अभ्यासक मानतात. ही गोष्ट जुनी असली तरी संपलेली नाही. २०२५ च्या जानेवारीअखेरीस सॅन्टोरिनीच्या परिसरात हजारो लहान-मोठे धक्के बसू लागले. दहा हजारांहून अधिक लोकांनी बोटींनी आणि विमानांनी बेट सोडले आणि फेब्रुवारीत तेथे आणीबाणी जाहीर करण्यात आली. पुढे धक्के ओसरले आणि बेट पुन्हा पर्यटकांनी गजबजले. मात्र या घटनेने प्रवास-विम्याचे महत्त्व चांगलेच अधोरेखित केले.

अक्रोतिरीवर छप्पर आहे. जुने छप्पर उभारले जात असतानाच २००५ मध्ये कोसळून एका पर्यटकाचा मृत्यू झाला होता. त्यानंतर बंद असलेले हे स्थळ नव्या छपरासह २०१२ मध्ये खुले झाले. त्यामुळे उन्हाच्या दिवसांतही आजी-आजोबांना ते निवांतपणे पाहता येते. हॉटेल निवडताना मात्र छायाचित्रांना भुलू नये. कड्यावरच्या सुंदर हॉटेलांत शिरण्यासाठी पुष्कळदा पन्नास-शंभर पायऱ्या उतराव्या लागतात. कामारी वा पेरिसा या काळ्या वाळूच्या किनाऱ्यांवरील सपाट वस्ती वृद्धांना आणि मुलांना सोयीची, शिवाय स्वस्तही.

मिकोनोसचा मुक्काम डेलोससाठी. मिकोनोसच्या जुन्या बंदरातून बोटीने अर्ध्या तासावर असलेले हे छोटे बेट अपोलो देवतेचे जन्मस्थान मानले जाई. इ.स.पू. ४२६-४२५ मध्ये अथेन्सने येथील सारी थडगी शेजारच्या बेटावर हलवली आणि यापुढे डेलोसवर कोणी जन्मू नये वा मरू नये, असा दंडक घातला. पुढे रोमच्या आश्रयाने ते करमुक्त बंदर झाले आणि अफाट श्रीमंत बनले. इ.स.पू. ८८ आणि ६९ मधील हल्ल्यांनी ते उद्ध्वस्त झाले. आजही तेथे पर्यटकांना रात्री राहण्याची मुभा नाही. सिंहांची रांग, नाट्यगृह, फरशीवरील रंगीत खड्यांची चित्रे, असे एक अख्खे शहर वाऱ्यावर उघडे पडलेले आहे. सावली जवळजवळ नाही. टोप्या, पाणी आणि सकाळची पहिली बोट या तीन गोष्टी येथे अनिवार्य समजाव्यात. वारा सुटला की डेलोसची बोट सर्वांत आधी रद्द होते. म्हणूनच मिकोनोसला पोहोचल्यावर पहिल्याच मोकळ्या सकाळी डेलोस उरकावे. 'आज आराम, उद्या डेलोस' असे ठरवणाऱ्यांना काही वेळा ते दुरूनच पाहून परतावे लागते.

अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवर सप्टेंबर २०२३ पासून दिवसाला वीस हजार पर्यटकांची मर्यादा असून प्रवेशाची वेळ ठरवूनच तिकीट घ्यावे लागते. एप्रिल २०२५ मध्ये हे तिकीट ३० युरो झाले. सकाळची पहिली वेळ इंटरनेटवरून आधीच राखून ठेवावी. वरचा संगमरवर पावलांनी झिजून गुळगुळीत झाला आहे. चपला किंवा गुळगुळीत तळव्यांचे बूट टाळावेत. चालण्यास असमर्थ असलेल्यांसाठी डिसेंबर २०२० पासून नवी लिफ्ट उपलब्ध आहे.

कागदपत्रे, खर्च आणि जेवण

ग्रीससाठी शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांपर्यंत करता येतो. मे महिन्यातील गर्दी लक्षात घेता तो शेवटच्या महिन्यावर ढकलू नये. जून २०२४ पासून प्रौढांचे शुल्क ९० युरो, सहा ते बारा वर्षांखालील मुलांचे ४५ युरो आणि सहा वर्षांखालील मुलांना ते माफ आहे. किमान तीस हजार युरोंचे वैद्यकीय विमाकवच आवश्यक असते. वृद्धांच्या जुन्या आजारांबाबत त्या विम्यातील अटी आधी वाचाव्यात. व्हिसा हाती येईपर्यंत हॉटेले रद्द करता येतील अशीच घ्यावीत. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी छायाचित्र आणि बोटांचे ठसे घेण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. त्यामुळे अथेन्सला उतरल्यावर क्रीटचे विमान किमान तीन-चार तासांच्या अंतराने घ्यावे.

शाकाहारी कुटुंबांनी फार धास्ती घेऊ नये. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेतील उपवासांमुळे मांस, दूध, अंडी वर्ज्य असलेले अनेक पदार्थ ग्रीक स्वयंपाकात रुळलेले आहेत. टोमॅटोत शिजवलेले मोठे पांढरे घेवडे, भाज्यांचे ब्रियाम, पालकाचा पाय हे बहुतेक खाणावळींत मिळतात. सॅन्टोरिनीचा फावा म्हणजे तर घट्ट पिवळे वरणच. ज्या कडधान्यापासून तो होतो, ते विदर्भातील लाखोरीच्याच कुळातले आहे. द्राक्षाच्या पानांतील भाताचे दोल्मादेस मागवताना मात्र आत खिमा नाही ना, हे विचारून घ्यावे.

एवढी सारी यातायात नको असल्यास क्रूझ हा पर्याय आहे. सामान एकदाच उघडावे लागते आणि जेवणाची चिंता नसते. परंतु प्रत्येक बंदरी मोजके तास मिळतात आणि त्याच वेळी हजारो सहप्रवासी उतरतात. ही गर्दी आवरण्यासाठी सॅन्टोरिनीने २०२५ पासून क्रूझ प्रवाशांची संख्या दिवसाला आठ हजारांपर्यंत मर्यादित केली. बेटांचे ओझरते दर्शन पुरेसे असेल त्यांनी क्रूझ घ्यावी. भग्नावशेष समजून घ्यायचे असतील त्यांनी बोटींच्या वेळापत्रकाशी जमवून घ्यावे.

अखेरच्या दिवशी अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयासाठी निदान दोन तास ठेवावेत. अक्रोतिरीच्या भिंतींवरून काढलेली काही मूळ चित्रे तेथे आहेत. त्यांपैकी एकात दोन लहान मुले मुष्टियुद्ध खेळताना दिसतात. आठवड्यापूर्वी सॅन्टोरिनीच्या त्या छपराखाली राखेने भरलेली घरे पाहिलेल्या आठ वर्षांच्या मुलाला येथे कोणी काही समजावून सांगावे लागत नाही. त्या घरांत कोण राहत होते, हे त्याला समोरच दिसते. गाळलेल्या ठिकाणांची खंत तेव्हा फारशी उरत नाही.